मांद्रे गावचे भाऊ दाजी : रुग्णाच्या खाटेजवळ शिकलेले डॉक्टर

मुंबईत स्थायिक झालेल्या आम्हां पेडणे-डिचोलीकरांच्या घरांत एक सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गावाहून पाहुणे आले, की त्यांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्यायचे. पोरे पिंजऱ्यांकडे धावतात, वडीलधारी मंडळी सावलीत बसतात आणि कोणीतरी प्रवेशद्वाराजवळच्या देखण्या इमारतीकडे बोट दाखवून सांगते, की हे संग्रहालय आपल्या भाऊ दाजींच्या नावाचे आहे. आपल्या म्हणजे कुठल्या, असे पाहुण्यांनी विचारले की मांद्रे गावाचे नाव निघते आणि सगळ्यांना बरे वाटते. पुढे मात्र गाडी अडते. भाऊ दाजी कोण, तर मोठे संशोधक, शिलालेख वाचणारे, मुंबईचे नगरपाल. ते डॉक्टर होते हे नावामागच्या पदवीमुळे ठाऊक असते, पण ते कसले डॉक्टर होते, कुठे आणि कसे शिकले, याबद्दल आमच्यापैकी फार थोड्यांना दोन वाक्ये सांगता येतील.

यंदा हा विषय काढायला एक कारण झाले. मंडळाच्या गुणगौरवात अलीकडे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची नावे वाढू लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट हमखास ऐकू येते. वर्गातले शिक्षण सोपे, पण पहिल्यांदा अतिदक्षता विभागात ड्युटी लागते तेव्हा हातपाय गार पडतात. पुस्तकात वाचलेले सगळे समोरच्या माणसाच्या श्वासाबरोबर वरखाली होऊ लागते. अशा वेळी काय बघायचे, कशाची नोंद करायची, कोणाला कधी हाक मारायची, हे तिथे उभे राहूनच शिकावे लागते. हे ऐकताना आम्हांला वाटले, की आपल्या तालुक्यातला एक मुलगा पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेमक्या याच पद्धतीने, या शहरात, याच भायखळ्याला शिकला होता. ती हकीकत इथे सांगावी.

भाऊ दाजींचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ म्हणत, वडिलांना दाजी म्हणत, आणि या दोन हाका जोडून जे नाव झाले तेच पुढे जगभर गेले. जन्म १८२२ सालचा, मांद्रे गावी, सारस्वत कुटुंबात. मांद्रे म्हणजे मोरजी आणि हरमल यांच्या मधला समुद्रकाठ. आज तिथे पर्यटकांची वर्दळ असते. त्या काळी माड, शेती, मासेमारी आणि देवळाची जत्रा एवढाच व्याप होता. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला १७८८ मध्ये, म्हणजे भाऊंच्या जन्माआधी जेमतेम चौतीस वर्षे. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली आणि सत्तरी त्याच्या थोडे आधी गेले होते. नव्या काबिजादीतल्या या महालांत भाषा, देव आणि नातीगोती वाडीकडे, कोकणाकडे पाहणारी होती आणि पोट भरण्यासाठी माणूस मुंबईकडे पाहत होता. आमच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्याच वाटेने आले. विठ्ठल लाडही लहानग्या भाऊंना घेऊन तसेच आले.

घरची गरिबी होती. वडील मातीची चित्रे, बाहुल्या करून विकत, असे सांगतात. मुलगा मात्र बुद्धिबळात विलक्षण होता. त्याचा खेळ एका बड्या इंग्रजाच्या नजरेत भरला आणि या मुलाला इंग्रजी शिकवा असे त्याने वडिलांना सुचवले, ही गोष्ट भाऊंच्या प्रत्येक चरित्रात येते. काही जण त्या इंग्रजाच्या जागी खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअरचे नाव घेतात. गव्हर्नर असो की दुसरा कोणी, मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पोचला, तिथे चमकला आणि तिथेच शिक्षक झाला. काठेवाड-कच्छकडच्या रजपूत घराण्यांत मुलींना जन्मतःच मारण्याची चाल होती. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. विशीतल्या तरुणाला पगाराची नोकरी, नाव आणि मानही मिळाला होता. एवढ्यावर कोणीही थांबले असते.

१८४५ मध्ये ते पुन्हा विद्यार्थी झाले. त्या वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले.

हे कॉलेज काय होते हे समजून घेतल्याशिवाय भाऊंच्या निर्णयाचे वजन कळत नाही. मुंबईत त्यापूर्वी एकदा वैद्यकीय शाळा निघून बंद पडली होती. १८२६ मध्ये डॉ. मॅकलेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून शिकवणारी शाळा सुरू झाली. त्यांनी पुस्तके भाषांतरित करवली, मेहनत घेतली, पण १८३२ मध्ये सरकारने ती गुंडाळली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या कॉलेजचा ध्यास घेतला, पण ते उभे राहण्याआधीच १८३८ मध्ये दापोडीला त्यांचे निधन झाले. मुंबईकरांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या नावाने कॉलेज करायचे ठरवले. जमशेटजी जीजीभाईंनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. म्हणून कॉलेज आणि इस्पितळ एकमेकांना लागून उभे राहिले. आज आपण ज्याला नुसते जे. जे. म्हणतो ते हेच. जाता जाता सांगायला हरकत नाही, की आपल्या पणजीत वैद्यकीय शाळा त्याच्या तीन वर्षे आधी, १८४२ मध्ये निघाली होती. भाऊंचे कुटुंब गोव्यातच राहिले असते तर कदाचित ते पोर्तुगीजमधून वैद्यक शिकले असते, आणि आम्ही आज वेगळीच गोष्ट सांगत असतो.

कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड. एडिंबरोचे पदवीधर, पुढे पॅरिसला जाऊन रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण पाहून शिकलेले. त्यांचा एक ठाम आग्रह होता. डॉक्टर व्याख्यानांनी तयार होत नाही, तो रुग्णाच्या खाटेजवळ तयार होतो. म्हणून कॉलेज इस्पितळाला लागून असले पाहिजे, शिकवणाऱ्याकडे वॉर्ड असले पाहिजेत आणि विद्यार्थ्याच्या नावावर रुग्ण असले पाहिजेत. आज हे इतके उघड वाटते की त्यात सांगण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. त्या काळी युरोपातही कित्येक ठिकाणी विद्यार्थी पुस्तके पाठ करून पदवी घेत आणि पहिला रुग्ण पदवीनंतर पाहत. मोरहेड यांना मुंबईत तसे होऊ द्यायचे नव्हते.

त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याला रुग्ण वाटून दिले जात. रुग्ण आला की विद्यार्थ्याने त्याची हकीकत त्याच्याच भाषेत विचारून घ्यायची. आजार कधी सुरू झाला, आधी काय झाले, मग काय, कोणते औषध घेतले, काय खाल्ले. मग अंग पाहायचे. नाडी, जीभ, श्वास, पोट, लघवी, शौच. सगळे लिहून काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे, पुन्हा लिहायचे. रुग्ण बरा होऊन जाईपर्यंत किंवा त्याचे बरेवाईट होईपर्यंत ती नोंद चालू ठेवायची, आणि मृत्यू आलाच तर शवचिकित्सेत काय निघाले तेही तिच्याखाली लिहायचे. म्हणजे आपण काय समजलो होतो आणि खरे काय होते हे विद्यार्थ्याच्याच हस्ताक्षरात समोरासमोर येई. स्वतःची चूक अशी कागदावर पाहणे ही सोपी गोष्ट नाही. मोरहेड यांनी पुढे हिंदुस्थानातल्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा पाया याच खाटांजवळच्या निरीक्षणांचा होता.

आमच्या नर्सिंगच्या मुली हे वाचून हसतील, कारण त्यांचा दिवस याच कामात जातो. फरक साधनांचा आहे. आज खाटेशेजारी मॉनिटर असतो. भाऊंच्या विद्यार्थिदशेत काय होते याचा विचार करून पाहा. रक्तदाब मोजणारा बाहीचा पट्टा १८९६ मध्ये आला. खिशात मावणारा तापमापक १८६० च्या दशकाच्या अखेरीस आला. म्हणजे ताप आहे की नाही हे हाताच्या पालथ्या बाजूने ठरवायचे. रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे बोटावरचे यंत्र तर दूरच, ओठांचा आणि नखांचा रंग हेच यंत्र. घड्याळ समोर धरून नाडी मोजायची, छातीवर लाकडी नळी ठेवून ऐकायचे. बाकी सगळे डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी करायचे. चेहरा बदलतो, नजर खोल जाते, बोलण्यात विसंगती येते, माणूस उगाच चादर चाचपू लागतो. या खुणा यंत्र येण्याच्या आधी धोक्याची घंटा होत्या आणि अनुभवी सिस्टर आजही नवख्या मुलीला आधी त्याच बघायला सांगतात. आकडे त्यानंतर.

आणि रुग्ण कसले यायचे? मुंबई बंदर वाढत होते, वस्ती दाटत होती, विहिरी आणि तलावांचे पाणी होते. विहारचे नळाचे पाणी यायला अजून पंधरा वर्षे होती. पटकी, म्हणजे कॉलरा, हा त्यातला सर्वांत भीषण. सकाळी बोलता-चालता आलेला माणूस संध्याकाळपर्यंत सुरकुतून जाई. शरीरातले पाणी आणि क्षार ओहोटीसारखे निघून जातात हे मरणाचे कारण आहे, हे आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. किती वेळा जुलाब झाले, लघवी झाली की थांबली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर परत बसते का, हे बघायला शिकवतात. शिरेतून मिठाचे पाणी देण्याचा प्रयत्न स्कॉटलंडमध्ये डॉ. लाटा यांनी १८३२ मध्येच केला होता, पण वैद्यकजगताने तो बाजूला टाकला. भाऊंच्या पिढीच्या हातात अफूचा अर्क, पाऱ्याची औषधे आणि शेक एवढेच होते. बाकी तापासाठी क्विनीन होते आणि ते खरोखरच गुण देई. म्हणजे ज्या आजारात उपाय होता तिथे लवकर ओळखणे महत्त्वाचे, आणि जिथे नव्हता तिथे स्वच्छ ठेवणे, पाणी पाजणे, कूस बदलणे, जवळ बसणे एवढेच हाती उरे.

ते जवळ बसणे कोणाचे काम होते? प्रशिक्षित परिचारिका मुंबईत तेव्हा नव्हत्या. शिकलेल्या नर्सचा व्यवसाय इंग्लंडमध्येही आकाराला आला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० मध्ये सुरू झाल्यावर. इस्पितळात हमाल, आया, मलमपट्टी करणारे आणि रुग्णांचे नातलग असत. त्यामुळे अत्यवस्थ माणसावर बारकाईने लक्ष ठेवण्याचे जे काम आज नर्सचे आहे, त्यातला बराचसा भाग त्या वेळी विद्यार्थ्यांच्या वाट्याला येई. भाऊ दाजींकडे आम्ही या बाजूने पाहतो. ते डॉक्टर झाले, पण त्यांच्या शिक्षणाचा मोठा हिस्सा शुश्रूषेचाच होता.

यात आणखी एक अडसर होता तो जातीचा आणि विटाळाचा. प्रेताला हात लावणे, कोणाही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र बघणे, जखम धुणे, हे उच्चवर्णीय घरातल्या मुलाने करावे हे त्या समाजाला पचणारे नव्हते. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. मुंबईतल्या पहिल्या तुकडीला तो उंबरठा रोज ओलांडावा लागे. आमच्या घरांतही मुलीने नर्स होण्याला आजी-काकींचा विरोध होता, आणि तो फार जुना नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लग्न जमणार नाही, रात्रपाळी, परक्याचे घाणेरडे उपसायचे, ही सगळी वाक्ये आम्ही आपल्याच ओट्यावर ऐकली आहेत. भाऊ दाजींचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरांतही.

१८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात भाऊ दाजींबरोबर आत्माराम पांडुरंग होते, जे पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. अनंत चंद्रोबा होते. आणि बार्देशातल्या आसगावचे जुझे कामिल लिस्बोआ होते, ज्यांनी पुढे या प्रांतातल्या वनस्पतींवर मोलाचे काम केले. म्हणजे मुंबईच्या पहिल्यावहिल्या डॉक्टरांत एक पेडण्याचा हिंदू आणि एक बार्देशचा ख्रिस्ती, असे दोन गोमंतकीय होते. याचा आम्हांला जरा जास्तच अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. भाऊंची प्रॅक्टिस झपाट्याने वाढली. शस्त्रक्रियेत आणि अडलेल्या बाळंतपणांत त्यांचा हात चांगला म्हणून नाव झाले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरला बोलावणे ही तेव्हा शेवटची गोष्ट असे. सुईणीने हात टेकल्यावरच ती वेळ येई आणि तोवर आई किंवा मूल, कधी दोन्ही, हातचे जात. तरी बोलावणी येत राहिली. श्रीमंतांकडून फी, गरिबांकडून काही नाही, अशी त्यांची रीत होती. थोड्याच वर्षांत त्यांच्याकडे चांगला पैसा जमला.

महारोगावरचे त्यांचे काम हा या चरित्रातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. संस्कृत वैद्यक ग्रंथ मुळातून वाचणारा आणि मोरहेड यांच्या वॉर्डात शिकलेला असा माणूस तेव्हा दुर्मीळ होता. जुन्या ग्रंथांत ज्या औषधांची स्तुती आहे ती खरोखर काम करतात का, हे त्यांनी खाटेजवळच्या नोंदींच्या पद्धतीने तपासायला घेतले. महारोगावर त्यांनी एक उपचार बसवला आणि कित्येक रुग्णांवर वापरला. त्यात कडू कवठाच्या बियांचे तेल होते असे पुढच्या औषधीशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. हे झाड आपल्या कोकण-गोव्याच्या ओढ्याकाठचे. चालमोगऱ्याचे ते भाऊबंद. अशाच तेलांवर पुढे १९४० च्या दशकापर्यंत, सल्फोन औषधे येईपर्यंत, जगभरच्या महारोगी रुग्णालयांची भिस्त होती. म्हणजे भाऊंची दिशा चुकीची नव्हती. तेलाने मळमळे, रुग्णाला ते नको होई, गुण यायला महिनोन्‌महिने लागत आणि पूर्ण बरे होण्याची खात्री नव्हती.

पण त्यांनी आपला उपचार पुरता उघड केला नाही. पुरेशी खात्री झाल्याशिवाय जाहीर करायचा नाही, असा त्यांचा विचार असावा. टीका झाली, गुप्त औषध विकणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवले गेले, आणि मग आयुष्यच संपले. आमचे मत असे, की त्यांना लोभी ठरवणे अन्यायाचे आहे, पण टीका सर्वस्वी खोटीही नव्हती. नोंद लिहून सगळ्यांसमोर ठेवायची हे ज्या कॉलेजने शिकवले, त्याच कॉलेजच्या पहिल्या पदवीधराने आपली सर्वांत महत्त्वाची नोंद मिटून ठेवली. तो उपचार वेळीच उघडपणे तपासला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनात राहतोच. महारोगाचा जंतू नॉर्वेतल्या हान्सेन यांनी दाखवला १८७३ मध्ये, भाऊंच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

गुप्ततेचा प्रश्न त्यांच्यापुढे दुसऱ्या टोकाने आला तो १८६२ च्या महाराज खटल्यात. वैष्णव महाराजांच्या अनाचाराविरुद्ध लिहिल्याबद्दल करसनदास मुळजी यांच्यावर बदनामीचा दावा झाला होता. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात भाऊ दाजींना महाराजांच्या आजाराविषयी बोलावे लागले. मोठ्या धनाढ्य समाजाचा रोष पत्करणे हे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला परवडणारे नसते. त्यांनी साक्ष दिली. रुग्णाचे गुपित सांभाळावे हे आज नर्सिंगच्या मुलांना पहिल्याच सत्रात शिकवतात, आणि न्यायालयाने विचारले तर काय, हेही त्याच धड्यात येते. दोन्हींची ओढाताण कशी असते हे भाऊंनी भर कोर्टात अनुभवले.

स्त्रीशिक्षणाचे त्यांचे काम आम्ही मुद्दाम याच ओघात सांगतो. विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञान सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष. ही सभा मुलींच्या शाळा चालवी. शिव्याशाप खाऊन, वर्गण्या काढून, कधी वर्ग घराच्या माळ्यावर भरवून. भाऊंच्या चाहत्यांनी त्यांच्या सन्मानार्थ निधी जमवला तो अशाच एका शाळेला गेला आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. तिथे मुली लिहा-वाचायला शिकल्या. खाटेशेजारची नोंद ठेवायची तर आधी लिहिता आले पाहिजे, औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता आले पाहिजे. १८८६ मध्ये मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. नर्सिंगच्या इतिहासात शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव देतात, साल १८९१. भाऊ तोवर हयात नव्हते. पण मुली शाळेत गेल्या नसत्या तर ते साल आणखी किती पुढे गेले असते कोण जाणे.

बाकीचे भाऊ दाजी सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठाच्या मूळच्या फेलोंपैकी ते एक. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले. गिरनारचे आणि अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ, जुने अंक यांवर त्यांनी निबंध वाचले. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांचे ठसे आणि नाणी गोळा करीत. हा सगळा खर्च दवाखान्याच्या कमाईतून होई. दिवसभर रुग्ण, रात्री ताम्रपट. दोन्हींत रीत एकच, मुळाशी जाऊन स्वतः बघायचे आणि मग लिहायचे. १८६५ मध्ये कापसाचे आणि शेअरांचे दिवाळे वाजले तेव्हा मुंबईतल्या कित्येक मोठ्या माणसांबरोबर भाऊंचाही पैसा बुडाला. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना पुन्हा रुग्णांच्या फीवर उभे राहावे लागले. पुढे प्रकृती साथ देईना.

संग्रहालयासाठी त्यांनी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी डॉ. बर्डवुड यांच्याबरोबर वर्गण्या जमवल्या. पायाचा दगड १८६२ मध्ये बसला आणि दरवाजे उघडले मे १८७२ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, भाऊ गेले. वय जेमतेम एक्कावन्न. इमारतीला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर एकशे एक वर्षांनी, १९७५ मध्ये. तोवर ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते आणि आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत तेच राहिले.

या वर्षी मंडळाच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही संग्रहालयात आणि तिथून जे. जे.च्या आवारात जाणार आहोत. दोन्ही भायखळ्यालाच, म्हणून एका सकाळीत होण्यासारखे आहे. ज्या कुटुंबांना स्वतंत्रपणे जायचे असेल त्यांनी बुधवार टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.